कोणती हवा हवी

उणे एकतीस. ओइवाने दार ढकललं
आणि थंडी त्याच्या आधी आत येऊन बसली.
हातात कॅटलॉग, तीन पानांचे कोपरे दुमडलेले.
"रायला, टर्बोला नवा इनटेक बसवायचाय. यातला कुठला घेऊ?"

बाहेर त्याची गाडी, चालूच ठेवलेली,
स्वीडनची, वीस वर्षांची,
जिचा कारखानाही आता राहिला नाही.
मी विचारलं, हवा कसली हवी?
म्हणाला, हवी तेवढी.

हा शंकू बघ, लाल जाळीचा, दिसायला देखणा;
पण बॉनेटखाली उघडा बसणार, एक्झॉस्टच्या शेजारी,
तापलेलीच हवा ओढत राहणार.
बर्फाच्या देशात राहून
चुलीत नाक घातल्यासारखं.

हा दुसरा, तेल चोळलेल्या कापसाचा.
हात राखून तेल लावलंस तर धूळ आत जाते,
सढळ हाताने लावलंस तर सेन्सरच्या तारेला चिकटतं,
केसाहून बारीक असते ती,
आणि मग गाडी खोटं बोलायला लागते:
एवढीच आली हवा, एवढीच आली.

तिसरा खाली, बंपरच्या आड. गार हवा मुबलक.
गेल्या वसंतात आर्मासने हाच लावला होता.
बर्फ वितळून रस्त्यावर पाणी साचलेलं,
त्याला वाटलं, डबकंच तर आहे.
इंजिनाने एक घोट घेतला.
पाणी दाबलं जात नाही, ओइवा. रॉड वाकतो.
तो वाकडा रॉड अजून आहे माझ्याकडे,
उन्हाळ्यात दार अडवायला ठेवते.

"मग?"
मग काही नाही. कंपनीचा डबा राहू दे,
कागदी फिल्टर बदल,
टर्बोकडे जाणारा रबरी पाइप चिरलाय, तो बदल.
नाकापेक्षा मोती जड कशाला?
इंजिनाचे चार-पाच घोडे वाढतील, तेही कागदावर,
आणि रेनडिअर आडवं आलं की
घोडे नाही, ब्रेक लागतात.

तो गप्प.
टोपीवरचा बर्फ वितळून कानामागून ओघळत होता.
मग म्हणाला,
"सेव्हेत्तियार्वी इथून सव्वाशे किलोमीटर.
औषधं, टपाल, कधी कुणाचा दुरुस्त केलेला चष्मा.
कामानेनला वळलं की रेडिओ जातो.
या महिन्यात सूर्य नाही.
आणि ही गाडी इतकी मुकी
की मला माझंच गिळणं ऐकू येतं.
शंकू बसवला की म्हणे
पाय दाबला की श्वास घेते,
पाय उचलला की सोडते.
घोडे नकोत मला, रायला.
आवाज हवा."

तेवीस वर्षं हवेचा हिशेब सांगतेय लोकांना,
किती, किती गार, किती स्वच्छ.
बोलणारी हवा
कुणी मागितली नव्हती.

शंकूच घेतला शेवटी. कोरडा, बिनतेलाचा.
आईच्या सॉनातल्या जुन्या भट्टीचं पत्र्याचं दार
मागे पडून होतं. ते कापून आडोसा केला,
एक्झॉस्टची धग अडेल एवढा,
कडेने रबराची पट्टी,
हेडलाइटमागून गार हवेला वाट.
पत्र्यावर काजळीचा एक डाग होता, पुसला नाही.
पाइपाचे पैसे घेतले.
आडोशाचे मी सांगितले नाहीत, त्यानेही विचारले नाहीत.
भुरभुर बर्फ असला की दर खेपेला शंकू झटकायचा, म्हटलं.
हो म्हणाला. विसरणार आहे.

रात्री सव्वादहाला तो पंपापाशी वळला.
आधी काही नाही.
मग लांबून एक हूऽऽ, चढत चढत,
आणि गिअर बदलताना मोठा स्स्स,
दिवसभराचे बूट काढताना कुणी सोडावा तसा.
मग पुन्हा हूऽऽ, झाडांच्या पलीकडे.

खिडकी मी बोटभर उघडी ठेवली होती.
खोली गार पडत गेली.
पडू दे.