मेजावरचं कापड

आमच्या चर्चला पत्र्याचं छप्पर, तीन बाकं,
बाकीच्यांना सतरंजी.
प्रभुभोजनाचं मेज मात्र सागाचं,
आणि त्यावर आईनं केलेलं कापड.

चारही बाजूंना क्रोशाची लेस,
द्राक्षं आणि पानं.
वेलीवरची द्राक्षं आम्ही कुणी पाहिली नव्हती.
आईनं ती कॅलेंडरावरून उतरवली, घरं मोजून,
रांधणं-उष्टी आवरल्यावर कंदिलाखाली
अकरा महिने.
शेवटचं पान बसलं तेव्हा तिनं बाबांना उठवून दाखवलं.
बाबा म्हणाले, छान,
आणि कुशीवर वळले.

दर शनिवारी ती ते धुवायची,
नीळ घालून, खळ देऊन, दोरीवर.
कोंबडी फिरकली तरी ओरडायची.
मला हात लावू द्यायची नाही.
माझ्या फ्रॉकला साधी झालरही नव्हती,
हे मी एकदा बोलून दाखवलं होतं.

वेचणीचे दिवस.
मेळघाटातून उतरलेल्या बायांचा टेम्पो
परतवाड्याच्या रस्त्यावर पंक्चर झाला, आमच्या घरासमोर.
एक बाई कमरेला हात लावून उतरली
आणि तिला पुन्हा चढता आलं नाही.
(शलमोन तात्या पुढं ही गोष्ट सांगताना
त्यात गोठा घालायचे.
आमच्याकडं गोठा नव्हता.
झालं ते न्हाणीच्या आडोशाला.)

तिची बोली कोरकू, आईची वऱ्हाडी.
"जोर दे व माय, अजून जराक,"
आई म्हणत होती, ती काहीबाही म्हणत होती,
दोघींना एकमेकींचं सगळं कळत होतं.
मी चुलीवर पाणी ठेवून उभी.
मग हाक आली,
"कापड आन! सुती! धुतलेलं!"

पातळं सोड्यात भिजत होती.
बाबांचं धोतर ओलं.
तरी पेटीत काही असतं, शोधलं असतं तर.
मी दोरीवरून ते ओढलं.
घाईत ओढलं की रागात,
हे मला आजही नीट सांगता येत नाही.

आईनं कापड पाहिलं, मग मला.
एका श्वासापुरतं.
मग खळीनं कडक झालेलं ते कापड
तिनं दोन्ही हातांनी चुरगाळलं, मऊ होईस्तोवर,
लेस बाहेरच्या अंगाला दुमडली, टोचू नये म्हणून,
आणि पोरीला त्यात गुंडाळलं.

रविवारी मेज उघडं होतं.
शाईचा डाग, एक भेग, प्याल्याचं गोल वळ.
तात्यांनी विचारलं, बाबांनी चपलांकडं पाहिलं.
"म्या देल्लं," आई म्हणाली.
माझं नाव घेतलं नाही.
पाळकसाहेब थोडा वेळ गप्प राहिले
आणि भाकर मोडायला लागले.

तेव्हापासून रोज रात्रीच्या प्रार्थनेत
आमच्या नावांनंतर ती यायची, नाव नसलेली.
त्या पोरीले सांभाळ, आता तिले दात आले असतीन.
आता ती शाळेत असन, मास्तर चांगला दे.
आता लग्नाची झाली असन.
आणि मधेच, आवाज उतरवून,
"थे लेस तेवढी उसवली नसन त बरं, प्रभू.
अकरा मयने लागले मले."
बाबा घाईनं आमेन म्हणून टाकायचे.

दुसरं कापड तिनं केलं नाही.
डोळे गेले म्हणायची.
तांदळातले खडे मात्र शेवटपर्यंत वेचत होती.

आता प्रार्थना मी करते.
त्या पोरीपाशी आले की अडखळते.
चाळिशीची असेल. गुडघे दुखत असतील.
तिच्या पुढचं वाक्य माझं आहे,
आईला ते ठाऊक होतं, तुलाही आहे,
तरी तोंडातून निघत नाही.

पेटीत ते कॅलेंडर सापडलं,
द्राक्षांवर पेन्सिलीनं आखलेली बारीक घरं.
मला क्रोशा येत नाही.
पलीकडच्या रूथला येतो.
विचारीन म्हणते,
वेचणी उरकली की.