पंचवीस ते एकोणचाळीस

पुस्तकातला लोकसंख्येचा मनोरा
पायाशी रुंद, वर निमुळता, कुठल्याशा दूरच्या देशाचा.
मी म्हटलं, आपल्याच गावाचा काढू.
अकरा पोरं वह्या घेऊन निघाली
मोल्दोवाच्या चिखलात, नोव्हेंबरात,
दारोदार, कुत्र्यांशी हुज्जत घालत.

परतली तेव्हा खिशात अक्रोड भरपूर
आणि वहीत आकडे थोडे.
सत्तावीस घरांना कुलूप. किल्ली शेजारी.
शेजारीण म्हणे, लिहा की चौघं,
त्यांच्या कोंबड्या अंडी देतात अजून.

फळ्यावर पट्ट्या चढवत गेलो,
पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे.
पंचवीस ते एकोणचाळीसला खडू
टेकला न टेकला तोच उचलावा लागला.
मनोरा कसला, मुंगीची कंबर.

इलिंका उभी राहिली.
"सर, आईला कुठे मोजू?
ती पादोव्हाला असते. एका म्हातारीला न्हाऊ घालते, भरवते.
म्हातारी एक्क्याण्णवची."
मागून लिव्हियू: "म्हणजे म्हातारी त्यांच्या मनोऱ्याचं टोक,
आणि तुझी आई, टोक पडू नये म्हणून लावलेला टेकू."
वर्ग हसला. इलिंकाही, जरा उशिरा.

चाचणीत प्रश्न होता, चार गुणांचा:
ढकलणारे घटक आणि ओढणारे घटक, फरक स्पष्ट करा.
नमुना उत्तरात सगळं आहे, पगार, बेकारी, संधी.
झहारियानं लिहिलं,
"आमच्याकडे कुणी कुणाला ढकललं नाही.
पहाटे चारला आई आपल्या पायांनी गेली.
बूट हातात घेतले होते, मला जाग येऊ नये म्हणून.
मी जागाच होतो.
ओढणारे घटक: मी ओढायला हवं होतं."

दोन गुण दिले. खोडून तीन केले.
चौथा का नाही दिला
हे माझं मलाच सांगता येत नाही.

रविवारी दुपारी इटलीहून पांढरी व्हॅन येते,
चर्चपाशी थांबते.
ड्रायव्हर खोक्यांवरची नावं मोठ्यानं वाचतो,
अगदी माझ्या हजेरीसारखी.
तिथे मात्र कुणी गैरहजर नसतं.

मीही कडेला उभा असतो.
माझी मुलगी डब्लिनला.
तिचं खोकं या गाडीनं येत नाही,
हे भूगोलाच्या मास्तराला
ठाऊक असून.