मांदा नबाशी

बेगमपुऱ्यात, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
दर रविवारी सात-आठ अफगाण पोरं इंग्रजी बोलतात.
मला बोलावलं चुका काढायला.
जिल्हा परिषदेत तीस वर्षं मी तेच केलं.

दारापासून सगळ्यात लांब, भिंतीशी बसवलं :
पाहुण्याची जागा, नूरआगा म्हणाला.
वेलदोड्याचा हिरवा चहा. पेला रिकामा झाला की भरायचे.
पाचव्यानंतर जरघुनानं दाखवलं,
पुरे झालं की पालथा घालायचा असतो.

आजचा धडा : हाऊ आर यू.
उत्तर एकच, मी म्हणालो. फाइन, थँक्यू.
एवढंच? मीरवैसला पटेना.
त्यानं मला त्याच्या रीतीनं विचारलं :
बरे आहात, घर बरं आहे, जीव ताजा आहे,
आणि शेवटी, मांदा नबाशी.
हा प्रश्न नाही सर. तुम्ही थकू नये, असं म्हणणं.
इंग्रजीत काय?

खडू घेऊन मी फळ्यापाशी तसाच उभा.
मांदा.
परभणीला शेजारच्या कुलसूमबी म्हणायच्या,
थका-मांदा आया रे मेरा बच्चा.
मला वाटायचं, मांदा नुसता जोडीला असतो,
भाकरीबिकरीतल्या बिकरीसारखा.

फळा कोराच राहिला.

जिन्याशी सवयीनं तोंडातून गेलं, ओके, आय कम.
सर, आय गो, जरघुनानं चूक काढली.
बरोबर आहे तुझं, म्हटलं.
पण आमच्यात निघताना जातो म्हणत नाहीत,
येतो म्हणतात.

ती हसली नाही.
वही उघडून लिहून घेतलं तिनं,
उजवीकडून.