सांधा

पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी
मी दापोडीतून निघतो.
खांद्यावर चावी,
साडेचार फूट लोखंड, टोकाला चौकोनी तोंड.
नवख्याला वाटतं, निघाला हा कुणाचं तरी डोकं फोडायला.
एकदा पोलिसानं अडवलं होतं,
हे काय आहे म्हणून.
मी म्हणालो, पाणी आहे साहेब.

हॅरिस पुलावर मधेच एक सांधा आहे.
सायकलचं पुढचं चाक टक्,
मागचं चाक टक्.
स्वागताची कमान पुढे आहे, दिव्यांची,
अर्धे दिवे गेलेली.
पण एक महापालिका संपून दुसरी लागली
हे आधी माझ्या बुडाला कळतं.

बोपोडीत माझे अठरा व्हॉल्व्ह.
झाकण उचलायचं,
झुरळांना आधी जाऊ द्यायचं,
मग चावी बसवायची आणि बावीस आटे.
बाराव्याला अडतं. दर वेळी.
तिथं मी थांबतो, थुंकी गिळतो, पुन्हा जोर लावतो.
मग जमिनीच्या पोटातून आधी नुसती हवा,
म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखी,
आणि तिच्यामागून ते.
वर एकेक खिडकी पिवळी होत जाते.
बादल्यांचे आवाज. कुणाची तरी आंघोळीची घाई.
दुसऱ्या मजल्यावरच्या निमकर बाई
पाच मिनिटं उशीर झाला तरी फोन करतात
आणि म्हणतात,
पाणीवाल्याच्या घरी बरंय बाबा, काय कमी!

आमच्याकडे एक दिवस आड येतं, बाई.
हे मी बोलत नाही.

पगार या काठाचा, मत त्या काठाचं.
ज्या साहेबापुढे उभा राहतो
त्याला निवडणाऱ्याला मी निवडू शकत नाही,
आणि माझं मत मागायला जो दारात येतो
त्याला माझ्या चावीचा उपयोग नाही.
शेजारचा इब्राहिम तरी म्हणतोच,
एखादा आटा इकडे फिरव की यार.
त्याला किती वेळा सांगितलं,
पाइप जोडलेलेच नाहीत.

फेब्रुवारीत नदीवर जलपर्णी माजते.
वरून बघितलं तर वाटतं, चालत जावं.
हे लोक बांबूनं ती तिकडे ढकलतात,
ते लोक इकडे.
दोन्हींकडे बिलं निघतात.
संध्याकाळी ती पुन्हा मधोमध, हिरवीगार,
डासांना घेऊन बसलेली.

परवा सांध्यावरच चेन पडली.
हात काळे, चाळीस मिनिटं उशीर.
निमकर बाई खाली उतरून आल्या,
गाऊनवर ओढणी टाकून,
आणि जे बोलायचं ते सगळं बोलल्या.
मी बाराव्या आट्यावर होतो.
तोंडातून निघून गेलं,
आमच्या घरात काल रात्रीपासून थेंब नाही,
छबूनं पोरीला कोरडंच शाळेत पाठवलं असेल.

बाई गप्प.
मग वर गेल्या.
मला वाटलं, झालं, आता तक्रार.
तर खाली आल्या त्या तेलाचा पाच लिटरचा कॅन घेऊन,
गळ्यापर्यंत भरलेला.
झाकण सैल आहे, सांभाळून न्या, एवढंच म्हणाल्या.

हँडलला कॅन, खांद्यावर चावी,
मी पूल चढलो.
इतकी वर्षं पाणी सोडतोय,
पाणी घेऊन असा कधी आलो नव्हतो.
कुणी बघतंय का, म्हणून दोनदा मागे पाहिलं.
टक्.
टक्.
थोडं सांडलं.
सांध्यातून खाली, थेट नदीत गेलं असणार.

छबूनं कॅन हुंगला.
शेंगदाण्याचं होतं, म्हणाली. दोनदा विसळायला हवा होता.
विसळायचा कशानं?
तसाच चहा टाकला.

चहावर तेलाचे बारीक डोळे.
आम्ही फुंकर मारून
ते त्या काठाला लावले
आणि या काठानं प्यालो.