न हसता नाचायचं

नारळाला सोनेरी कागद लावताना
जागृती विचारते, बाबा, डिंक कुठाय,
आणि मी एकदम तारावाला असतो.

अकरा दिवस पडून होतो तिथं, इंजिन बंद,
पार्ट सिंगापूरहून यायचा होता.
ऑइलर बाऊरो म्हणाला, चल, गावात सण आहे.
चपला बाहेर काढ. आणि त्या खांबापाशी बसू नकोस,
ती जागा माझ्या चुलत्यांची.
खांबाखांबाला एकेक घराणं.
मला वाटलं, ही तर आमची डोंगरी गल्ली,
कोण कुणाचा, कुणाचा पाट कुठं,
फक्त भिंती नाहीत, आणि छप्पर कडेला इतकं खाली
की आत शिरताना कॅप्टनलाही वाकावं लागलं.

एका लाकडी खोक्याभोवती पुरुष दाटीनं बसले
आणि तळहातांनी ते बडवायला लागले.
मुली उभ्या राहिल्या, चटईचे घागरे, हात पसरलेले,
मान मध्येच झटकन वळायची,
उडता पक्षी खालचा मासा हेरतो तशी.
एकीच्याही ओठांवर हसू नाही.
मी कुजबुजलो, रागावल्यात का?
बाऊरो म्हणाला, हसलं की नाच सांडतो.

मग म्हाताऱ्यांनी माझ्याकडे बोट केलं.
पाहुण्यानंही नाचायचं असतं.
मी वेसाव्याचा, पण हळदीत कायम कडेला,
हातात प्लेट धरून उभा राहणारा.
उठलो. काहीच आठवेना.
म्हणून नुसतं वल्हवलं,
बापूस वल्हवायचा तसं, डावा खांदा जरा खाली.
खोकं थांबलं.
मग माझ्या हातांच्या चालीनं वाजायला लागलं.

रात्री जेट्टीवर त्याला विचारलं,
तुमच्या बेटावर सगळ्यात उंच काय?
एखादा डोंगर सांगेल, निदान टेकडी.
त्यानं बराच वेळ विचार केला.
नारळ, म्हणाला.
आणि तुमच्या?
मी मजले सांगितले, पस्तीस, पन्नास, साठ.
हे नाही सांगितलं, की आमचंही बेटच होतं,
एक नव्हे, सात,
मधलं पाणी बुजवलं आणि विसरलो.

डिंक सापडला, फ्रिजवर होता.
बंदरावर बँजो कधीचा सुरू झालाय,
नगरसेवकाची वाट बघून सगळे कंटाळलेत,
मोबाईल वर, हात वर, नऊवारीतल्या पोरी
नाचता नाचता कॅमेऱ्याकडे बघून दात दाखवतात.
यंदा मीही घुसलोय मध्ये.
दमयंती जवळ येऊन कानात विचारते,
दाढ दुखते का ओ?
हसा की जरा.

पोरं कमरेएवढ्या पाण्यात टपलेलीच,
पडला नारळ की बाहेर काढायचा, दरवर्षीचं आहे.
पण जागृती शाळेत गोळा फेकते.
त्यांच्या डोक्यांवरून गेला तो, खूप पलीकडे.
सोनेरी ठिपका एकदा दिसतो,
एकदा नाही दिसत.

बाऊरोच्या बेटावरची सगळ्यात उंच गोष्ट
आम्ही दर्याला दिली,
आणि हात जोडून म्हणालो,
एवढ्यावर थांब.