चार डाग

हॅलिफॅक्सला उजाडतं ते धुरकटच.
दुकानात आधी मशीन जागं होतं, मग मी, मग मॉरीन.
काउंटरवर गुलाबी पावत्यांचं पुडकं,
त्यात एक रकाना: डाग कसला.
पहिल्या आठवड्यात मी सगळीकडे एकच लिहिलं,
स्टेन, स्टेन, स्टेन.
मॉरीनने चष्मा नाकावर ओढला.
"असं लिहिलंस तर गिऱ्हाईक म्हणेल, तुम्हीच पाडला."

मग ती शिकवत गेली, इस्त्रीच्या वाफेत.
रिंग म्हणजे पेल्याचं गोल बूड.
स्मज म्हणजे बोटाने पुसायला गेलं आणि पसरलं.
स्ट्रीक म्हणजे ओघळ.
आणि हा, मिस्टर ओल्ड्रॉइडच्या कोटावरचा,
ज्याला ना कड, ना आकार, ना बापाचं नाव,
हा स्प्लॉज.
यादीत मात्र स्प्लॉच होतं.
"मशीन अमेरिकेचं," ती म्हणाली, "त्याला काय कळतंय."

मला यादीतलाच आवडला.
इचलकरंजीला, बाबांच्या सायझिंगमध्ये,
खळीच्या हौदात काही पडलं
की हौद हेच बोलायचा.
"त्यात एक टी आहे. लिहायचा, पण ऐकू येत नाही."
पावतीवर मी तो तीनदा विसरले.

आमच्याकडे एका डागावर सगळं भागतं.
कपड्यावर पडतो तो डाग.
घराण्याला लागतो तो डाग.
एसटीच्या टपावरून हमाल ओरडतो,
किती डाग? ते सामानाचे.
गळक्या कळशीला देऊन आणतात तो डाग.
आणि लग्नात पोरीच्या अंगावर घालतात
ते सोन्याचे.

माझ्या मानेवर, डाव्या कानाच्या खाली,
पांढरा आहे एक.
सातवीत उमटला, नववीत थांबला.
डॉक्टर म्हणाले, वाढायचा नाही.
गल्ली म्हणाली, कोड.
त्या दिवसापासून आईने
कोडकौतुकातलं कोडही तोंडातून काढून टाकलं,
नुसतं कौतुक म्हणायची.
लग्न ठरलं तेव्हा सोनाराच्या गादीवर बसून
मामा हळूच म्हणाला,
"चार डाग जास्त घाला,
म्हणजे तो एक दिसायचा नाही."
सोनार हसला. मीही हसले.
विनोद चांगलाच होता.
ठुशी इतकी घट्ट बसली
की अक्षता पडेपर्यंत पाणी गिळलं नाही.

परवा शनिवारी, गर्दीत,
एक बाई कार्डिगन घेऊन आली.
बरोबर मुलगी, पाचेक वर्षांची, हातमोजा एकच.
वाफेने उकडत होतं, मफलर मी खुंटीला लावला होता.
मुलगी काउंटरवर हनुवटी टेकून म्हणाली,
"तुला पण स्प्लॉज आहे."
आवाज खाली न आणता. कोटाबद्दल बोलावं तसं.
आई लाल झाली, गळ्यापासून वर,
चट्ट्याचट्ट्यांनी
(त्यालाही शब्द आहे, तो मला मंगळवारी कळला).
मुलगी विचारत होती, "निघेल?"
मी सवयीने पावतीवरचं छापील वाक्य म्हणाले,
प्रयत्न करू, खात्री देता येत नाही.
"बरं," ती म्हणाली
आणि काउंटरवरची घंटी वाजवत बसली.

रात्री आईला फोनवर शब्द सांगितला.
"स्प्लॉच? खायचं असतं का?"
"नाही गं. डागच."
"कुठला?"
इतके डाग आपल्याकडे,
ती नेमकी कुठल्यापाशी थांबली होती कोण जाणे.
"कोटावरचा," मी म्हटलं.
मग जरा वेळ काही ऐकू आलं नाही.
लिहायचं झालं तर
तिथे तो टी लिहावा लागेल.
मग ती म्हणाली,
"लिंबू लावून बघितलंस का?"