निम्म्या भाड्याची खाट

माझ्या घरात खाटा सहा, माणसं बारा.
हिशेब सोपा आहे :
भट्टी विझत नाही,
म्हणून गादी निवत नाही.

तिसरी खाट, खिडकीखालची,
हाव्रिलो आणि फेत्स्कोची.
एक रात्रपाळीचा, एक दिवसाचा.
वर्ष होत आलं,
एकमेकांचं तोंड पाहिलं नाही त्यांनी.
पाहिलंही असेल म्हणा, फाटकापाशी,
एक लोंढा आत जाताना, एक बाहेर येताना;
पण एवढ्या काळ्या टोप्यांत
आपल्या उशीवर झोपणारी टोपी कोणती
हे कोणाला ओळखू येणार?

हाव्रिलो उंच, टाचा खाटेबाहेर.
फेत्स्को आखूड, गुडघे पोटाशी.
गादीतला खळगा मात्र
दोघांनी मिळून पाडलेला.

माणशी तीन डॉलर महिना,
धुणं, कॉफी, कोबीचं सूप धरून.
दारामागे खडूने रेघा मारते मी.
अक्षर येत नाही, रेघ येते.

चादर झटकताना उशीखाली हात गेला
की काही ना काही लागायचं :
कागदाच्या पुडीत चिमूटभर तंबाखू.
दुसऱ्या दिवशी पुडी नाही,
तिथे एक सफरचंद, एका अंगाने मऊ पडलेलं.
एकदा तर पायमोजे,
टाच माझ्याहून बरी रफू केलेली.
मी काही बोलले नाही.
जे भाड्यात धरलेलं नाही
त्याचा हिशेब मी का विचारू?

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी
हाव्रिलो सकाळी आला नाही.
कॉफी चुलीच्या कडेला आटत राहिली.
दहाच्या सुमाराला मुकादमाचा पोरगा आला,
पितळी बिल्ला घेऊन. चारशे सतरा.
वहीत नाव 'जॉन'.
त्यांच्या वहीत आमचे सगळेच जॉन.
वितळल्या लोखंडाची कढई कलली म्हणाला,
आणि पुरायला काय आहे
ते विचारू नका म्हणाला.
बिल्ला परत न्यायचा होता त्याला.
सही म्हणून मी एक रेघ मारून दिली.

संध्याकाळी फेत्स्को आला.
सांगेन सांगेन म्हणत मी सूप वाढलं,
मग पाव, मग आणखी सूप.
तो खाऊन उठला, हात धुतले, आत गेला.
मी पडद्याआड उभी.

त्याने घोंगडी उचलली,
खळग्यात तळवा ठेवला.
ठेवून तसाच राहिला बराच वेळ,
गाभण गाईच्या पोटावर हात ठेवून
आतलं हलतंय का बघावं
तसा.

मग बूट हातात घेऊन बाहेर आला,
माझ्याकडे न बघता म्हणाला,
"पारास्का, त्याचं नाव काय होतं?"

हाव्रिलो, मी म्हटलं.
गाव माहीत नाही.
पाणचक्कीजवळचं कुठलंसं, म्हणायचा.
त्याने ते नाव दोनदा उच्चारलं,
नवा बूट पायात बसतो का बघावं तसं,
आणि त्या रात्री जमिनीवर झोपला.

पुढचे पंधरा दिवस
खाटेची दिवसाची बाजू रिकामी.
दीड डॉलर बुडाला.
रोज पाच वाजून गेले
की बटाटे उकळायला टाकून
मी त्या खळग्यात पडायचे,
ॲप्रनसकट, घोंगडी गळ्यापर्यंत ओढून,
छताच्या फळ्या मोजत.
इल्को विचारायचा, बरं नाही का तुला?
बटाटे कधी लागायचे तळाला.
फेत्स्को आला
की मी परत चुलीशी.
कोणी काही विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.

मग लिथुएनियाचा एक पोरगा आला,
कोटाला अजून आगबोटीची चिठ्ठी टाचलेली.
मी त्याला बोटांवर भाडं समजावलं,
मोरी दाखवली, खाट दाखवली.

उशी उचलून दाखवली नाही.